ओढून मारणाऱ्या फलंदाजाला चेंडू कुठे टाकावा आणि क्षेत्ररक्षण कुठे लावावे : सॉफ्टबॉलमधील पुल हिटरविरुद्धची आखणी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सॉफ्टबॉलकडे वळणारी बहुतेक मुले-मुली आधी गल्लीत टेनिस चेंडूचे क्रिकेट खेळून आलेली असतात. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये आडव्या बॅटने लेगला ओढलेल्या फटक्याला धावा मिळतात, आणि तोच झोका पुढे सॉफ्टबॉलच्या बॅटीतही उतरतो. त्यामुळे शालेय किंवा महाविद्यालयीन सामन्यात समोरच्या संघात दोन-तीन तरी पुल हिटर, म्हणजे चेंडू ओढून मारणाऱ्या फलंदाज, भेटतात. उजव्या हाताने खेळणारी पुल हिटर चेंडू थर्ड बेस, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली खेळाडू) आणि लेफ्ट फिल्ड यांच्याकडे, म्हणजे होम प्लेटवरून पाहता डावीकडे ओढते, तर डाव्या हाताने खेळणारी फर्स्ट बेस आणि राइट फिल्डकडे, म्हणजे उजवीकडे ओढते. मी मुलींच्या संघाला शिकवत असल्यामुळे या लेखात स्त्रीलिंगी रूपे वापरली आहेत. मुलांच्या संघालाही हेच लागू पडते, फक्त प्रौढ पुरुषांच्या खेळात पिचिंगचे (चेंडू टाकण्याचे) अंतर १४.०२ मीटर असते आणि महिलांच्या खेळात ते १३.११ मीटर असते.

पिचरने कुठे टाकायचे हे एकीकडे ठरते आणि खेळाडूंनी कुठे उभे राहायचे हे दुसरीकडे, अशी सवय आपल्याकडील अनेक संघांना असते. प्रशिक्षक बाकावरून हात हलवून सगळ्यांना डावीकडे सरकवतात आणि पिचर मात्र आपल्या मनाप्रमाणे बाहेरच्या कडेला चेंडू टाकत राहते. काही वर्षांपूर्वी एका आंतरशालेय सामन्यात ही चूक मी स्वतः केली. सेकंड बेसची खेळाडू मी पार बॅगेच्या (बेसच्या गादीच्या) पलीकडे नेली आणि पिचरला काहीच सांगितले नाही. बाहेरचा, मध्यम वेगाचा चेंडू फलंदाजाने शेवटच्या क्षणी नुसता ढकलला आणि तो फर्स्ट व सेकंड बेसच्या मधून रिकाम्या जागेतून गडगडत गेला. त्यावर दोन धावा गेल्या. चेंडूची जागा आणि क्षेत्ररक्षकाची जागा हा एकच निर्णय असतो, हे मी त्या दिवशी शिकलो आणि पुढच्या सर्व पायऱ्या त्याच समजुतीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी : ती खरोखर पुल हिटर आहे का, हे ओळखणे

फलंदाज चेंडू ओढते याचा यांत्रिक अर्थ एवढाच की बॅट आणि चेंडू यांची भेट प्लेटच्या (फलंदाजाच्या पुढ्यातल्या जमिनीतील पाटीच्या) पुढे, म्हणजे पिचरच्या बाजूला होते. भेट जितकी पुढे होईल तितके बॅटीचे तोंड वळलेले असते आणि चेंडू तितका ओढलेल्या बाजूला जातो. भेट मागे, प्लेटवर किंवा तिच्याही मागे झाली तर चेंडू सरळ किंवा उलट्या बाजूला निघतो. म्हणून ‘कुठे मारते’ याच्याआधी ‘केव्हा मारते’ हे पाहावे लागते.

सरावाचे फटके चालू असताना कॅचर (फलंदाजाच्या मागे बसणारी खेळाडू) आणि शॉर्टस्टॉप यांनी तीन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली म्हणजे पुढच्या पायाची पायरी. उजव्या हाताच्या फलंदाजाचा डावा पाय पिचरकडे न पडता थर्ड बेसच्या दिशेने उघडत असेल, तर तिचा खांदा आणि कंबर लवकर सुटतात. दुसरी गोष्ट फाउलची, म्हणजे रेषेबाहेर गेलेल्या फटक्यांची दिशा. थर्ड बेसच्या रेषेबाहेर जाणारे जोरकस फाउल हे ती घाईत असल्याचे लक्षण आहे, तर फर्स्ट बेसच्या बाजूला मागे उडणारे फाउल हे तिला उशीर होत असल्याचे लक्षण आहे. तिसरी गोष्ट म्हणजे बाहेरच्या चेंडूवरची वागणूक. तो ती सोडून देते, उलट्या बाजूला खेळते की तोही ओढायला जाते, हे पाहावे.

या निरीक्षणातून फलंदाजांचे तीन प्रकार वेगळे पडतात. एक प्रकार कुठलाही चेंडू ओढणाऱ्यांचा. दुसरा प्रकार फक्त आतला चेंडू ओढून बाहेरचा चेंडू शहाणपणाने राइट फिल्डकडे खेळणाऱ्यांचा. ही खरी चांगली फलंदाज असते आणि तिच्याविरुद्ध क्षेत्ररक्षण फार सरकवणे धोक्याचे ठरते. तिसरा प्रकार फसवा आहे, कारण समोरची पिचर मंद असल्यामुळे ही फलंदाज केवळ लवकर पोहोचते. आधीच्या सामन्यात ती सगळे चेंडू लेफ्ट फिल्डला मारत होती म्हणून आपण तिला पुल हिटर ठरवतो, आणि आपल्या वेगवान पिचरपुढे तिला उशीर होऊन तिचे चेंडू नेमके उलट्या बाजूला जातात. म्हणून दुसऱ्या संघाविरुद्धची नोंद आंधळेपणाने वापरू नये आणि आपल्या पिचरच्या पहिल्या दोन-तीन चेंडूंवर ती कशी वागते हे पाहूनच शिक्का मारावा.

दुसरी पायरी : पिचरची आखणी

प्लेटची रुंदी ४३.२ सेंटिमीटर असते. सॉफ्टबॉलच्या चेंडूचा घेर सुमारे ३०.५ सेंटिमीटर, म्हणजे व्यास जवळजवळ ९.७ सेंटिमीटर असतो. याचा अर्थ प्लेटच्या रुंदीत जेमतेम साडेचार चेंडू बसतात. पिचरला ‘बाहेर टाक’ असे सांगण्याऐवजी ‘कडेचा चेंडू’, ‘कडेच्या बाहेरचा अर्धा चेंडू’ आणि ‘कडेच्या बाहेरचा पूर्ण चेंडू’ अशा भाषेत सांगितले, तर नेम लवकर बसतो.

पुल हिटरविरुद्धचा पाया म्हणजे बाहेरच्या कडेला, गुडघ्याच्या उंचीवरचा चेंडू. ओढण्याच्या घाईत तिचा पुढचा खांदा उघडलेला असतो, बॅटीचे टोक त्या चेंडूपर्यंत कसेबसे पोहोचते आणि वरच्या हाताचे मनगट लवकर पलटते. परिणामी चेंडूच्या वरच्या भागावर घाव बसतो आणि तो जमिनीवरून शॉर्टस्टॉप किंवा थर्ड बेसकडे जातो. चेंडू बाहेरचा असूनही तो ओढलेल्या बाजूलाच जातो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पिचरकडे ड्रॉप असेल तर तो याच जागेवर सर्वांत उपयोगी ठरतो, कारण खाली जाणाऱ्या चेंडूवर जमिनीवरचा फटका निघण्याची शक्यता आणखी वाढते. उजव्या हाताच्या पिचरचा कर्व्ह उजव्या हाताच्या फलंदाजापासून दूर जातो, म्हणून तोही चालतो. स्क्रू मात्र तिच्या अंगाकडे येतो, म्हणून तो स्ट्राइकसाठी (प्लेटवरून जाणारा, फलंदाजाविरुद्ध धरला जाणारा चेंडू टाकण्यासाठी) वापरू नये.

दुसरे शस्त्र चेंजअप, म्हणजे वेगवान चेंडूसारखाच हात फिरवून टाकलेला मंद चेंडू. महिलांच्या अंतरावर पिचर पाऊल पुढे टाकून चेंडू सोडते, त्यामुळे प्रत्यक्ष अंतर साधारण साडेअकरा मीटर उरते. हवेचा अडथळा सोडला तर ताशी ८० किलोमीटरचा चेंडू हे अंतर सुमारे ०.५२ सेकंदात कापतो आणि ताशी ६० किलोमीटरचा चेंजअप सुमारे ०.६९ सेकंद घेतो. या पाव सेकंदाहूनही कमी फरकात मुळातच घाईत असलेल्या फलंदाजाची बॅट चेंडू येण्याआधी फिरून गेलेली असते, किंवा भेट इतकी पुढे होते की चेंडू थर्ड बेसच्या रेषेबाहेर जातो. मात्र चेंजअप गुडघ्याच्या खाली पडलाच पाहिजे. कमरेच्या उंचीवर तरंगत आलेला चेंजअप पुल हिटरला ताटात वाढून दिल्यासारखा असतो. आणि वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारच्या फलंदाजाला, म्हणजे जिला आपल्या वेगापुढे उशीर होत आहे तिला, चेंजअप कधीही टाकू नये. तिला हवा असलेला वेळ आपणच तिला का द्यावा?

आतल्या चेंडूबद्दल आपल्या भागातील प्रशिक्षकांमध्ये दोन टोके दिसतात. काही जण तो पूर्णपणे बंद करतात आणि काही जण ‘आत टाकून बोटे झिणझिणवा’ असा आग्रह धरतात. माझे मत असे की शालेय पातळीवरच्या वेगाने आतला स्ट्राइक टाकणे म्हणजे पुल हिटरच्या हातात खेळणे होय. पण आतला चेंडू दाखवावा मात्र लागतो, नाहीतर दुसऱ्या डावापर्यंत ती प्लेटला चिकटून उभी राहते आणि बाहेरचा चेंडू तिच्यासाठी मधला होऊन बसतो. म्हणून एखादा चेंडू प्लेटच्या आतल्या कडेबाहेर, हातांच्या उंचीवर आणि पूर्ण वेगाने टाकावा. तिने तो ओढला तर बहुधा फाउल जातो, सोडला तर एक ‘बॉल’ (स्ट्राइक न धरला जाणारा चेंडू) वाया जातो, पण तिचा पाय पुन्हा उघडू लागतो. तो अंगावर लागला तर फलंदाजाला फर्स्ट बेस मिळतो, हे लक्षात घेऊन ज्या पिचरचा नेम त्या दिवशी भटकत असेल तिने या फंदात पडू नये.

प्रत्यक्षात एक क्रम असा लागू शकतो. पहिला चेंडू बाहेरच्या कडेला, खाली. दुसरा तिथेच, पण अर्धा चेंडू आणखी बाहेर. अंपायर त्या कडेचा चेंडू स्ट्राइक देतात की नाही हे या दोन चेंडूंत कळते आणि पुढची सगळी आखणी त्यावरच ठरते. तिसरा चेंडू आत, दाखवण्यापुरता. त्यानंतर चेंजअप किंवा ड्रॉप. हा क्रम पाठ करून प्रत्येकीला लावला तर समोरच्या बाकावरील प्रशिक्षक तिसऱ्या फलंदाजापर्यंत तो ओळखतात, म्हणून दुसरा आणि तिसरा चेंडू अधूनमधून अदलाबदल करावेत.

तिसरी पायरी : क्षेत्ररक्षण सरकवणे

सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधले अंतर १८.२९ मीटर असते आणि चपळ मुलगी होम प्लेटपासून फर्स्ट बेसपर्यंत तीन सेकंदांच्या आसपास पोहोचते. म्हणून बेसबॉलमध्ये दिसते तितक्या खोल शॉर्टस्टॉप उभी करता येत नाही. चेंडू अडवून, पकडून, फेकून फर्स्ट बेसवर पोहोचवणे हे सर्व तीन सेकंदांत बसले पाहिजे.

उजव्या हाताच्या पुल हिटरसाठी माझी मूळ रचना अशी असते. थर्ड बेसची खेळाडू एरवी बंटच्या (बॅट न फिरवता चेंडू हळूच पुढ्यात टाकण्याच्या) धास्तीने बॅगेच्या दोन-तीन मीटर पुढे असते, ती बॅगेच्या रेषेत किंवा एक पाऊल मागे येते आणि फाउल लाइनपासून सुमारे दोन मीटरवर थांबते, म्हणजे रेषेवरचा चेंडू झेप घेऊन अडवता येतो. शॉर्टस्टॉप थर्ड बेसच्या बाजूला दोन-तीन पावले सरकते. सेकंड बेसची खेळाडू सेकंड बेसच्या बॅगेकडे सरकून मधली वाट अडवते, पण बॅगेच्या उजव्या बाजूलाच राहते. फर्स्ट बेसची खेळाडू सेकंड बेसच्या दिशेने तीन-चार पावले येते, मात्र शॉर्टस्टॉपने चेंडू उचलेपर्यंत तिला बॅगेवर परतता आले पाहिजे. न आल्यास तिने तेवढे सरकू नये, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

बाहेरच्या फळीत लेफ्ट फिल्डर रेषेकडे आणि मागे जाते, सेंटर फिल्डर डावीकडच्या मोकळ्या पट्ट्यात येते आणि राइट फिल्डर आत व मध्याकडे सरकते. राइट फिल्डर आत आल्याचा एक फायदा असा की तिच्याकडे वेगाने गेलेला जमिनीवरचा चेंडू उचलून ती कधी कधी फर्स्ट बेसवरच धावकाला बाद करू शकते. शाळांच्या संघात सर्वांत कच्ची खेळाडू राइट फिल्डला उभी करण्याची पद्धत आहे. पुल हिटरविरुद्ध बाहेरचा चेंडू टाकणार असाल तर ती पद्धत महागात पडते.

बंटचा प्रश्न यात सतत डोके वर काढतो. थर्ड बेस मागे गेल्याचे पाहून हुशार प्रशिक्षक बंटची खूण करतात. त्यामुळे दोन स्ट्राइक होईपर्यंत थर्ड बेसच्या खेळाडूने फलंदाजाच्या वरच्या हाताकडे डोळे लावून राहावे आणि तो हात बॅटीवर सरकताच पुढे यावे. दोन स्ट्राइकनंतर बंट फाउल गेला तर फलंदाज बाद होते, म्हणून तेव्हा ती निर्धास्तपणे एक-दोन पावले आणखी मागे जाऊ शकते. जोरकस पुल हिटर समोर असताना थर्ड बेस आणि पिचर या दोघींनी चेहऱ्यावर संरक्षक जाळी लावावी, असा माझा आग्रह असतो. चेंडू सोडून झाल्यावर पिचर फलंदाजापासून बारा मीटरहूनही जवळ असते आणि इतक्या जवळून आलेला चेंडू हातमोजा वर उचलण्याइतकाही वेळ देत नाही.

सेकंड बेसच्या खेळाडूला बॅगेच्या डावीकडे नेऊन तीन जणींना एकाच बाजूला उभे करण्याचा मोह होतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलने २०२३ पासून अशा मांडणीवर निर्बंध घातले आहेत, सॉफ्टबॉलच्या खेळात मात्र ती करता येते. पिचिंगच्या वेळी कॅचरशिवाय बाकीच्या खेळाडू फाउल लाइनच्या आत असाव्यात आणि कुणीही फलंदाजाच्या नजरेच्या रेषेत मुद्दाम उभे राहून तिचे लक्ष विचलित करू नये, एवढे पाळावे लागते. तरीही ही पूर्ण सरकवणी मी फक्त पहिल्या प्रकारच्या फलंदाजासाठी, बेस रिकामे असताना आणि दोन बाद झालेले असताना वापरतो, आणि तेव्हा पिचरला बाहेरचा मध्यम वेगाचा चेंडू पूर्णपणे बंद करायला सांगतो.

चौथी पायरी : चेंडूनुसार एक पाऊल

मूळ रचना फलंदाजानुसार ठरते आणि त्यानंतर प्रत्येक चेंडूनुसार ती एक पाऊल इकडेतिकडे होते. चेंजअप असेल तर थर्ड बेस आणि लेफ्ट फिल्डर रेषेकडे एक पाऊल जातात, कारण तो फार लवकर मारला जातो. बाहेरचा वेगवान चेंडू असेल तर सेकंड बेसची खेळाडू एक पाऊल आपल्या मूळ जागेकडे परत येते, कारण याच चेंडूवर उशीर होण्याची शक्यता अधिक असते. माझ्या त्या फसलेल्या सामन्यात नेमके हेच एक पाऊल राहून गेले होते.

हे साधायचे असेल तर कॅचरची खूण शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेस या दोघींना दिसली पाहिजे, आणि शॉर्टस्टॉपने पाठीमागे हात नेऊन ती बाहेरच्या फळीला कळवली पाहिजे. ओरडून सांगण्याचा आपल्या भागात काही उपयोग नाही. सीमाभागात समोरच्या बाकावर बसलेल्यांना मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तिन्ही भाषा कळतात, त्यामुळे कुठलीही भाषा गुप्त राहत नाही. हाताच्या खुणाच वापराव्यात आणि त्याही दोन-तीन डावांनी बदलाव्यात. सरकण्याची वेळही तितकीच महत्त्वाची आहे. पिचरचा हात फिरू लागला की मगच पाऊल पडावे. कॅचरनेही बाहेरच्या कडेला आधीच जाऊन बसू नये, कारण फलंदाज डोळ्याच्या कोपऱ्यातून ते पाहते आणि तिला अर्धे उत्तर मिळते.

बेसवर धावक असताना

फर्स्ट बेसवर धावक आणि दोनपेक्षा कमी बाद अशी स्थिती असेल तर शॉर्टस्टॉपने थर्ड बेसकडे फार सरकू नये, कारण दुहेरी बादची संधी तिच्याच हातून जाणार असते. सेकंड बेसची खेळाडू बॅगेजवळ असल्याने बॅग तीच सांभाळते. धावक बेस चोरायला निघाली तर कॅचरचा २५.८६ मीटरचा फेकाही तीच घेते. सॉफ्टबॉलमध्ये पिचरच्या हातून चेंडू सुटल्याशिवाय धावकाला बेस सोडता येत नाही, त्यामुळे सेकंड बेसच्या खेळाडूला तेवढा वेळ मिळतो.

थर्ड बेसवर धावक आणि दोनपेक्षा कमी बाद असतील तर प्रश्न कठीण होतो. इनफिल्ड (बेसजवळच्या खेळाडू) पुढे आणावे तर ओढलेला जोरकस चेंडू सहज पार जातो, आणि मागे ठेवावे तर एक धाव देणे आले. सामन्याच्या पहिल्या तीन डावांत मी ती धाव देतो आणि बाद घेतो. सातव्या डावात बरोबरी असेल तर सगळ्यांना पुढे आणण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तेव्हा चेंडू केवळ खाली टाकावा, कारण उंच उडालेला साधा झेलही धाव आणून देतो.

डाव्या हाताची फलंदाज

सगळे आरशात पाहिल्यासारखे उलटे करावे असे वाटते, पण तसे ते जमत नाही. सेकंड बेसच्या खेळाडूचा फर्स्ट बेसपर्यंतचा फेका छोटा असल्यामुळे ती मागे, जवळजवळ गवताच्या कडेपर्यंत जाऊ शकते. थर्ड बेसची खेळाडू मात्र मागे जात नाही, कारण डाव्या हाताची फलंदाज फर्स्ट बेसच्या एक-दोन पावले जवळ असते आणि तिचा बंट अडवायला उशीर परवडत नाही. तसेच डाव्या हाताची प्रत्येक मुलगी ओढते असे समजू नये. धावत पुढे येऊन चेंडू शॉर्टस्टॉपकडे टोलवणारी स्लॅप हिटर ही याच्या अगदी उलट प्रकारची असते आणि तिच्यासाठी उजवीकडे सरकलेला संघ पार उघडा पडतो.

मैदान आणि पाऊस

बेळगाव-खानापूरकडची तांबडी माती दाबून कडक झाली की जमिनीवरचा चेंडू अपेक्षेपेक्षा वेगाने येतो. अशा मैदानावर थर्ड बेसने आणखी एक पाऊल मागे जावे. अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीत पाऊस मुरलेला असेल तर चेंडू मध्येच मरतो आणि मागे उभी असलेली शॉर्टस्टॉप तीन सेकंदांच्या हिशेबात हरते, म्हणून तिथे सर्वांनी पुढे यावे. शालेय सामने पुष्कळदा पावसाळ्यातच येतात. ओल्या चेंडूचा ड्रॉप आणि चेंजअप हातातून निसटतो, तेव्हा पिचरने कमरेला कोरडे फडके ठेवावे आणि वेगवान चेंडू बाहेरच्या कडेला खाली टाकण्यावरच भर द्यावा. क्रिकेटच्या मैदानावर फक्की मारून आखलेल्या जागेत लेफ्ट फिल्डला भिंत किंवा झाडे जवळ असतील, तर सामन्याआधी अंपायरांशी बोलून तिथल्या फटक्याचे किती बेस धरायचे हे ठरवून घ्यावे.

सराव

दोन बांबू रोवून त्यांच्यामध्ये गुडघ्याच्या आणि कमरेच्या उंचीवर दोन सुतळ्या बांधाव्यात. बाहेरच्या कडेच्या दोन्ही बाजूंना एकेक चेंडूभर अंतरावर दोन उभ्या सुतळ्या लावाव्यात. त्या छोट्या चौकोनातून पिचरने रोज तीस चेंडू टाकावेत, त्यांपैकी दहा चेंजअप असावेत. क्षेत्ररक्षकांसाठी प्रशिक्षकांनी थर्ड बेस आणि शॉर्टस्टॉप यांच्यामधल्या फटीत चेंडू मारावेत, आणि दुसऱ्या एकीने हातात घड्याळ धरून बॅट लागल्यापासून फर्स्ट बेसवर चेंडू पोहोचेपर्यंतची वेळ मोठ्याने सांगावी. शॉर्टस्टॉपने आपली खोली किती ठेवायची हे त्या आकड्यावरून ठरते, अंदाजावरून नाही.

सामन्यात बदली खेळाडूंपैकी एकीने वहीत प्रत्येक फलंदाजासाठी बेसचा चौकोन काढून ठेवावा. प्रत्येक फटक्याची रेघ ओढावी, रेघेच्या टोकाशी चेंडूचा प्रकार एका अक्षराने लिहावा आणि फाउलसुद्धा सोडू नयेत. ज्या फलंदाजाने बाहेरचा चेंडू दोनदा उलट्या बाजूला मारला, तिच्यासाठी त्याच डावात सगळ्यांनी मूळ जागेवर परत यावे आणि पुढच्या वेळी तिला आतला चेंडू आधी दाखवावा.